सेक्रेटरीसाठी प्रार्थना

"आणि प्रभू, या नव्या मंडळीसाठी तुझे उपकार मानतो," पाळकसाहेब डोळे मिटून म्हणाले. "नळाला दिवसभर येणाऱ्या पाण्यासाठी. कोरड्या भिंतींसाठी. प्रवचनात जागं राहणाऱ्या या भावाबहिणींसाठी."

बाकांवरून "आमेन" आलं. इथवर सगळं खरं होतं. माणसं जीव लावणारी होती, घर ऐसपैस होतं, पाळकसाहेबांच्या अंगावर मूठभर मांसही चढलं होतं. पण उपकारस्तुती इथेच संपली असती, तर त्यांना रविवार फुकट गेल्यासारखं वाटलं असतं. त्यांनी आवाज आणखी मऊ केला.

"माझ्या आधीच्या मंडळीच्या सेक्रेटरीसाठीही विनंती करतो. त्याला क्षमा कर. पाण्याच्या पंपाची किल्ली तो स्वतःच्या खिशात ठेवायचा आणि माझी बायको कोपऱ्यावरच्या नळावरून बादल्या वाहायची, हे त्याच्या हातून अजाणतेपणी झालं असेल. माझी बदली व्हावी म्हणून तो घरोघर फिरला, तेही अजाणतेपणी झालं असेल. आणि पहिल्या बाकावर बसून तो घोरायचा, प्रभू, ते त्याच्या नावावर लावू नकोस."

शालजोडीतले द्यायला प्रार्थनेसारखी दुसरी सोय नाही. मध्ये कोणी बोलत नाही, आणि ऐकणारे डोळे मिटून बसलेले असतात. इथे आल्यापासून दर रविवारी पाळकसाहेब सेक्रेटरीचं एकेक पाप असं देवापुढे वाळत घालत होते. इथली माणसं भोळी. वैऱ्यासाठी इतकं मागणारा पाळक आम्ही बघितला नाही, असं ती एकमेकांना सांगत.

आमेन म्हणून पाळकसाहेबांनी डोळे उघडले, तर शेवटच्या बाकावर तोच सेक्रेटरी बसलेला.

त्यांनी डोळे चोळून पुन्हा पाहिलं. तोवर महिला मंडळाची मावशी उठून उभीसुद्धा राहिली होती. तिचा चेहरा आनंदाने फुलला होता.

"पाळकसाहेब, तुम्ही या भावासाठी एवढं मागता म्हणून आम्ही बायकांनी उपास धरले. मग म्हटलं, देवाला किती दिवस लांबून हाका मारायच्या? तुमच्या जुन्या चर्चला फोन केला आणि बोलावूनच घेतलं!"

सेक्रेटरी मधल्या वाटेने पुढे येऊ लागला. मान खाली, हात जोडलेले. ते बघून पाळकसाहेबांना आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या. हा माफी मागायला आला होता! तीही भर उपासनेत! पाळकसाहेबांनी मनाशी ठरवून टाकलं: लगेच माफ करायचं नाही. आधी त्याला बोलू द्यायचं. मग रडू द्यायचं. मग सगळ्यांच्या देखत, सावकाश, त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. ती माफी त्याला जन्मभर सलली पाहिजे.

"घोरायचं सोडलं तर पाळकसाहेब बोलले ते सगळं खरं आहे," सेक्रेटरी म्हणाला. थोडे लोक हसले. "किल्ली माझ्याच खिशात होती. बदलीसाठी मीच फिरलो. कमिटीतले बाकीचे पंच म्हणत होते, राहू द्या हो, काय वाईट आहेत?"

पाळकसाहेबांनी दुःखाने मान हलवली. आता रडेल, असं त्यांना वाटलं.

"आता तुम्हीच सांगा," सेक्रेटरी लोकांकडे वळला. "मी फिरलो नसतो, तर हे अजून तिथेच असते. यांना हे घर मिळालं नसतं आणि तुम्हाला हे पाळक मिळाले नसते. दर रविवारी एवढे उपकार मानतात म्हणे. देवाचे मानतात ते बरोबरच आहे. पण थोडे माझ्याही वाट्याला यायला हवे होते."

चोराच्या उलट्या बोंबा! पाळकसाहेबांच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण मंडळीला ते लगेच पटलं. "खरंच की," कोणीतरी म्हणालं, आणि टाळ्या सुरू झाल्या.

"माना हो पाळकसाहेब, उपकार माना!" मावशी म्हणाली.

शेवटी "आभारी आहे" एवढे दोन शब्द पाळकसाहेबांच्या दातांच्या फटीतून बाहेर आले. लोकांनी दोघांना जवळजवळ ढकलूनच एकमेकांच्या मिठीत घातलं. पाळकसाहेबांनी सेक्रेटरीला असं आवळलं की त्याला ठसका लागला. सेक्रेटरीनेही त्यांच्या पाठीत प्रेमाने दोन रट्टे ठेवून दिले. मावशीने पदराने डोळे पुसले आणि ती पहिल्या बाकाकडे वळली.

"या ना पाळकीणबाई, तुम्हीपण या. मिटलं बघा सगळं."

पाळकीणबाई जागच्या उठल्या नाहीत. उजवा खांदा त्यांना अजून नीट उचलता येत नसे. त्या डाव्या हाताने तो दाबत बसल्या होत्या.

"त्यांचं मिटलं असेल, मावशी," त्या म्हणाल्या. "माझं नाही मिटलेलं. बादल्या मी वाहत होते. किल्ली त्यांच्या खिशात होती, आणि हे आत बसून प्रवचन लिहीत होते."

टाळ्या थांबल्या. दोघांचे हात अजून एकमेकांच्या पाठीवर होते. आधी कोणी काढायचे, ते दोघांनाही कळेना.