गुटीतला मध

बाटलीवर मी पेनाने केलेल्या खुणेखाली मध पुन्हा उतरला होता. वर्षाच्या आत बाळाला मधाचं बोटही नको, असं डॉक्टरांनी सासूबाईंसमोरच बजावलं होतं. दुकानातल्या मधावर त्यांचा विश्वास नाही. पोळ्याचा मधही पाण्यात थेंब टाकून पारखल्याशिवाय घेत नाहीत. नातवाला गुटी मात्र दार लावून देतात. नजर लागते म्हणे.

आज मी दार ढकललंच. बाळ त्यांच्या मांडीवर, बोट सहाणेवर. मी बाळाला उचलून घेतलं.

"मध घातलात ना, आई?"

त्यांनी सहाण पुढे केली. "चाखून बघ. मधासारखी मलाही पारखून घे."

गुटी कडू होती. नुसती कडू.

"मग मध जातो कुठे?"

"तुझ्या काढ्यात. सकाळी डोळे मिटून पितेस, तो गोड कसा लागतो, कधी विचारलंस? रात्रभर खोकतेस आणि पोराला पाजतेस. डॉक्टरांनी बाळाला नको म्हटलंय, बाळाच्या आईला नाही."

मी बाळाला परत त्यांच्या मांडीवर ठेवलं, आणि त्यांचं बोट त्याच्या जिभेपर्यंत जाताना मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिले.