देव्हाऱ्यातले दाढीवाले

शनिवारी दुपारी, दाढीवाल्यांची हलगी ऐन रंगात आलेली असताना रेकॉर्डच्या पेटीची सुई मोडली. कर्र करून आवाज झाला आणि मळ्यातलं घर गप्प झालं.

राहीबाईंनी रेकॉर्ड उचलली, पदरानं पुसली, कव्हरात घातली. कव्हरावर पाच गोरे बाप्ये उभे होते. छातीवर रुळणाऱ्या दाढ्या, खांद्यावर केस, एकाच्या गळ्यात मण्यांची माळ. राहीबाईंनी त्यांना परत देव्हाऱ्यात नेऊन खंडोबाच्या टाकाशेजारी उभं केलं आणि वर झेंडूचं फूल खोचलं.

हे सोंग दोन वर्षांचं. लेक अर्जुना पुण्याला कॉलेजात गेला आणि नापास होऊन परत आला. येताना खांद्यापर्यंत केस, रेकॉर्डची पेटी आणि नऊ विलायती रेकॉर्डी तेवढ्या घेऊन आला. त्याच्या बापानं, हंबीररावांनी, पोराचे केस उतरवले आणि त्याला पलटणीत धाडलं. मग रेकॉर्डींकडं वळले.

"ही केसाळ भुतं आता हिरीत टाकतो."

राहीबाई दुसरीपर्यंत शिकलेल्या, पण जीभ अशी की वकिलानं वाट बदलावी. "भुतं? डोळं फुटलं का तुमचं? गोसावी हाईत ते! गळ्यातली माळ दिसंना व्हय? टाका हिरीत. आन उद्या ऊस वाळला की माझ्याकडं बघू नका."

आणि उभ्या उभ्याच त्यांनी पाची जणांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि नऊच्या नऊ रेकॉर्डी देव्हाऱ्यात मांडल्या.

कुंकू लागलं, विषय मिटला. देव्हाऱ्यातली वस्तू घरच्या बाईशिवाय कुणी हलवायची नाही, ही त्या घरची रीत. तालमीत भलेभले लोळवलेले हंबीरराव रोज अंघोळ झाली की मुकाट्यानं दाढीवाल्यांना हात जोडू लागले. राहीबाई चुलीकडं तोंड करून हसत.

दर शनिवारी हंबीरराव सांगलीच्या बाजाराला जात. एसटी वळणाआड गेली की राहीबाई दार लावून घेत आणि देव खाली उतरवत. पेटी कशी लावायची ते अर्जुनानं जाता जाता शिकवलं होतं. आधी लेकाची आठवण म्हणून लावत. मग कान तयार झाला. लाल कव्हरातला गाणारा नुसताच बोंबलतो, त्याला घरात कुणी विचारत नसणार, असं त्यांचं स्वच्छ मत होतं. पण दाढीवाल्यांतला तो हलगीवाला! बाकीचे थांबून तो एकटा वाजवायला लागला की राहीबाईंच्या अंगात माहेरची, पाटणकडची जत्रा शिरायची. चूल थंड पडायची आणि मग घाईघाईनं पिठलं.

हंबीरराव पिठल्याला नावं ठेवत नसत. बाजारातनं निम्मं सामान विसरून येत, पण येत ते खुशीत. चार दिवस गोड बोलत. बाजाराची हवा मानवते गड्याला, असं राहीबाई धरून चालत.

आता सुई आणायची कशी? हंबीररावांना सांगायची सोय नव्हती. गोसाव्याला सुई कशाला, एवढंच त्यांनी विचारलं असतं तरी रेकॉर्डी विहिरीत गेल्या असत्या आणि राहीबाईंच्या शब्दाला घरात जी धार होती ती जन्माची बोथट झाली असती. दसऱ्याला अर्जुना रजेवर येणार. त्याला काय, रेकॉर्डींवरची नुसती फुलं दाखवायची?

मंगळवारी त्या म्हणाल्या, "सांगलीच्या गणपतीला जाऊन येते."

"एकाएकी?"

"देवाला काय पंचांग बघून जात्यात?"

"मग मीबी येतो की संगं."

"तुमी आला की देव घाबरंल. म्हसरांस्नी पाणी कोण दावणार?"

हंबीररावांनी बादली उचलली.

गणपतीला नारळ फोडून राहीबाई विचारत विचारत रसूलच्या दुकानात पोचल्या. रसूल लग्नाकार्याला स्पीकर भाड्यानं देई आणि पेट्या दुरुस्त करी. छताला कर्णे टांगलेले, भिंतीला रेकॉर्डींची चळत.

"या मावशी, काय पायजे?"

राहीबाईंनी पदराची गाठ सोडून मोडकी सुई पुढं केली. "अशीच दुसरी. आन कुणाला बोलायचं न्हाई."

रसूलनं डोळ्याला भिंग लावलं. "पेटी भारीतली दिसते. मालकांचं नाव काय?"

राहीबाईंनी असं बघितलं की त्यानं भिंग खाली ठेवलं. धन्याचं नाव त्या कधी घेत नसत, परक्या दुकानात तर नाहीच. "का रं, सुईचं बारसं घालायचंय का?"

रसूल हसला. "बरं, गाव तरी सांगा."

"बोरजाईवाडी."

"अरे वा! मग आमच्या हंबीररावांस्नी वळखत असाल!"

राहीबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला. "ऐकून हाय."

"राजा माणूस. ते स्टूल बघा, त्यांचंच. दर शनिवारी बाजार ऱ्हायला बाजूला, दुपारभर हितंच बसून ऐकत्यात. दाढीवाल्यांची एक रेकॉर्ड हाय, मला खास मुंबईहून मागवायला लावली. त्यातला ढोल एकटा वाजाय लागला की डोळं मिटून घेत्यात."

राहीबाईंना बसावंसं वाटलं, पण त्या स्टुलावर बसवेना. "त्यांच्या घरात पेटी न्हाई व्हय?"

"हाय की. पेटी हाय, रेकॉर्डी हाईत. पोरगा पलटणीत गेल्यावर लय आठवण याय लागली, म्हणून लावाव्या म्हणलं त्यांनी. पर करत्यात काय बिचारे?" रसूलनं नवी सुई कागदात गुंडाळून त्यांच्या हातावर ठेवली. "बायकूनं त्या देव्हाऱ्यात बसवल्यात. लय भाबडी हाय म्हणत्यात, खरं सांगून तिचं मन कसं मोडायचं?"