यानाचं दिवसकार्य

मंगळावर उतरता उतरता यान गप्प झालं ते कायमचंच. म्हणून बंदरावरच्या अवकाश मंडळाने आज त्याचं दिवसकार्य ठेवलं होतं. जपानात मोडक्या सुयांचंही दिवसकार्य करतात, तसंच. पुठ्ठ्याचं यान, पुढे संत्री, उदबत्त्या.

"यान संत्री खातं होय?" एका पोराने विचारलं.

"नंतर आपणच खायची," अध्यक्ष कान्नोसान म्हणाले.

एकेकाने उदबत्ती लावली. चियोए तेवढी हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

"सापडलं का ते?" तिने विचारलं.

"तिथे शोधायला कोण जाणार, चियोएसान?"

"मग मेलं कशावरून म्हणता?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तिच्या नवऱ्याला त्सुनामीने नेलं, प्रेत मिळालं नाही, आणि तेव्हापासून तिने अंत्यविधीच्या भिक्षूला उंबरा ओलांडू दिला नव्हता.

"किती हाका मारल्या त्याला," कान्नोसान हळूच म्हणाले. "आपण पाठवलेली सगळ्यांची नावं कोरली होती त्याच्यावर. आम्हाला का हौस आहे?"

"माझं नव्हतं. मी ह्यांचं दिलं होतं." चियोए उठून पुढे आली. "म्हटलं, आता कुठे आहेत ते तरी रोज कळेल."

तिने एक उदबत्ती उचलली.

"काडेपेटी द्या इकडे," ती म्हणाली.