न चाटलेलं वासरू

"पोतं नीट धर गं. तिला दिसता कामा नये," आत्याबाई म्हणाल्या.

त्यांच्या भावाच्या सुनेने गाईच्या डोळ्यांवरचं पोतं घट्ट धरलं. वासरू नुकतंच बाहेर पडलं होतं, पेंढ्यावर धडपडत होतं. गाय पोत्याआडून मान वळवू पाहत होती. तिची जीभ हवेतच फिरत होती.

"आत्याबाई, एकदा चाटू द्या ना. घटकाभर."

"आणि मग चार दिवस हंबरडा ऐकायचा? वासरू शेवटी बाटलीवरच वाढणार. लळा लावून तोडायचं कशाला?"

गोठा आत्याबाईंचा. लग्नाच्या भानगडीत त्या पडल्याच नव्हत्या. वडिलांच्या वेळी वासरं आठवडाभर आईपाशी असत, मग ओढून नेली जात. गाई घसा बसेपर्यंत ओरडत. गोठा हाती येताच आत्याबाईंनी ही पोत्याची रीत घातली. वासरांची शिंगं डागण्याआधी बधिर करायचं इंजेक्शनही त्यांनीच सुरू केलं. गडी चिडवायचे, "आता गाईंना गाद्याही आणा!"

"आणते की, तुमच्याच खालच्या काढून," आत्याबाई म्हणायच्या.

सुनेला हे सगळं माहीत होतं. पण तिचं स्वतःचं तान्हं घरात झोपलं होतं, आणि आज तिच्याने ते पोतं धरवत नव्हतं.

"तुम्हाला नाही कळायचं ते," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

आत्याबाई रागावल्या नाहीत. वासराचं नाक पुसत राहिल्या. "तोंड पाहिलं नाही की दुःख कमी होतं. मोठ्या माणसांनी सांगितलंय मला."

"गाईला विचारलं होतं का कुणी?"

आत्याबाईंचे हात थांबले. तेवढ्यात गाय हंबरली, अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये अशी.

आत्याबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. पोतं त्यांनी सुनेच्या हातातून ओढून घेतलं, वासरू उचललं आणि गाईच्या तोंडाशी ठेवलं. गाय आधी नुसती हुंगत राहिली. मग चाटू लागली, कानापासून शेपटीपर्यंत.

"पण मग चार दिवसांनी..." सून म्हणाली.

"नाही तोडायचं. राहू दे दोघांना. दूध कमी निघालं तर निघालं."

"मग इतकी वर्षं हे पोतं कशाला हो, आत्याबाई?"

"वाटायचं, गाय तरी विसरत असेल," आत्याबाई म्हणाल्या. "माझ्या लेकीचे केसही आता पिकले असतील."