शुक्रवारची सनद

“नापास!” अब्बांनी बोटं चाटत जाहीर केलं.

मुनिराने हसू दाबत त्यांच्या पेल्यात पाणी ओतलं. आखातातल्या त्या शहराच्या खैतान भागातल्या दोन खोल्यांत दर शुक्रवारी नमाजनंतर ही परीक्षा व्हायची. प्रश्न एकच, दादीचं पापलेटचं कालवण. परीक्षकही एकच. अब्बांचे गाववाले रियाजचाचा शेजारी बसून नुसते जेवायचे.

अब्बा शहरातल्या एका ग्रंथालयात जुन्या अरबी हस्तलिखितांची सूची करायचे. पूर्वीचे आलिम, म्हणजे धर्मपंडित, कोणता ग्रंथ कुणापुढे बसून वाचला, त्या उस्तादाने तो कुणाकडून ऐकला, हे सगळं नावागावानिशी लिहून ठेवत. उस्तादाने सनद दिली की मगच दुसऱ्याला शिकवायची मुभा. अब्बांनी हीच शिस्त स्वयंपाकघरात आणली होती.

“हे कालवण मी अम्माकडून घेतलं. अम्माने तिच्या सासूकडून, दाभोळात, चुलीपुढे बसून. मधे एक जरी कच्चा निघाला तरी साखळी तुटली!”

“आज काय चुकलं?”

“वाटण जाडंभरडं राहिलंय.”

“मागच्या शुक्रवारी म्हणालात, फार बारीक झालंय.”

“उस्तादाशी हुज्जत? पुढच्या शुक्रवारी परत बस परीक्षेला.” आणि त्यांनी तिसऱ्यांदा भात वाढून घेतला.

मुनिराने ओठ मुडपले. आमसुलाचं नाव त्यांनी आजही काढलं नव्हतं.

सोमवारी ग्रंथालयातच, टेबलावर डोकं टेकून, अब्बा गेले.

शुक्रवार आला. कुणी सांगितलं नसताना मुनिरा मिरकाबमधल्या आपल्या घरून खैतानला आली आणि तिने कालवण केलं. सवयीने ताटं तीन मांडली गेली. रियाजचाचांनी पहिला घास घेतला आणि त्यांचा हात थांबला.

“आज आंबट बरोबर बसलंय गो. तुझ्या दादीच्या हातचं खाल्लंय मी. हेच ते.” त्यांनी डोळे पुसले. मग एकदम हसले. “तुझ्या अब्बाला, यूसुफला, मी कितीदा म्हटलं, पोरीला देऊन टाक ती सनद. तर म्हणतो कसा, सनद मिळाली की शागिर्द दुसऱ्या गावाला चालता होतो. मग माझ्याकडे शुक्रवारी कोण येणार?”

मुनिराने अब्बांचं तिसरं ताट जवळ ओढलं. मग तिने त्यात कालवण वाढलं.

“अब्बा,” ती मोठ्याने म्हणाली, “आमसूल मी मुद्दाम कमी टाकायची. मलाही नापासच व्हायचं होतं.”