पिस्ता रंगाची भिंत

कोपरच्या आमच्या फ्लॅटचा हॉल म्हणजे चिंचोळा बोळ. सोफा टाकला की टीव्हीला जागा नाही, आणि टीव्ही लावला की पाहुण्यांनी गुडघे कुठे ठेवायचे हा प्रश्न. शेवटी आमच्या सौमित्रने आणि सूनबाईंनी यंदा इंटिरियरवाली बोलावली. तिने जुना सोफा हलवला, खिडकीखाली लांबलचक बाक करून घेतला आणि समोरच्या भिंतीला पिस्ता रंग दिला. खोटं कशाला बोलू, हॉल खरंच ऐसपैस दिसायला लागला.

हे गेल्यापासून त्या भिंतीवर असलेला ह्यांचा फोटो मात्र परत चढला नाही. चंदनाच्या हारासकट तो माझ्या खोलीत, कपाटावर उताणा पडून होता.

"आई, फ्रेम तपकिरी, बाबांचा कोटही तपकिरी," सूनबाई अंतरा समजावणीच्या सुरात म्हणाली. "पिस्त्यावर अगदीच विजोड दिसतं हो."

"आणि तुझ्या खोलीत तुला सोबत होईल ना," सौमित्रने री ओढली.

खरंच आहे. हा फ्लॅट घेताना ह्यांनी आपल्या कोटाच्या रंगाचा विचारच केला नव्हता.

मी रविवारी सकाळी ठेवणीतली पिस्ता रंगाची साडी नेसले, तोंडाला पावडर लावली आणि हॉलमध्ये जाऊन त्या भिंतीपाशी ताठ उभी राहिले.



"सौमित्र, मोबाईल आण आणि माझा एक फोटो काढून ठेव. मी गेल्यावर तुमची अडचण नको व्हायला."