जशीच्या तशी

जिन्यात पावलं वाजली तसं मावशीने मशीन सुरू केलं. पाहुणे दारात येतील तेव्हा मशीन चालू दिसलं पाहिजे, असं भाच्याचं सांगणं होतं.

भाचा लोकांना जुनी वस्ती पायी फिरवून दाखवायचा. मोच्याच्या जागी आता कॉफीचं दुकान होतं. न्हाव्याच्या जागी कुत्र्यांचे केस कापत आणि त्यासाठीही रांग लागे. बोटीतून उतरून ज्यांनी ही गल्ली वसवली, त्यांची नातवंडं भाडं झेपेना म्हणून शहराबाहेर पांगली होती. उरली होती एकटी मावशी, तिसऱ्या मजल्यावर, लोकांचे कपडे शिवत. तिच्या डोक्यावरही टांगती तलवार होतीच. इमारत विकली गेली होती आणि खोलीचं काय करायचं ते नवी मालकीणबाई ठरवणार होती.

आज मालकीणबाई स्वतः पाहुण्यांच्या घोळक्यात होती.

"आज जरा जिभेला आवर घाल," भाच्याने सकाळीच बजावलं होतं.

मावशीने अजिबात घातला नाही. वडिलांनी हे मशीन पाठीला बांधून बोटीतून कसं आणलं, एका पलंगावर पाच भावंडं आडवी कशी झोपत, सकाळी नळावर शेजारणीशी कडाकडा भांडून संध्याकाळी तिच्याकडेच मीठ मागायला कसं जावं लागे, सगळं साग्रसंगीत सांगितलं. लोक पोट धरून हसले. एका बाईंनी डोळे पुसले.

"ही खोली पाडू नका हो," त्या मालकीणबाईला म्हणाल्या.

मालकीणबाईने भिंतीवर टांगलेल्या कात्र्या पाहिल्या, काजळीने काळं पडलेलं छत पाहिलं.

"पाडायचीच होती, खोटं कशाला बोलू," ती म्हणाली. "पण आता नाही. खोली जशीच्या तशी राहील. खिळासुद्धा हलणार नाही, माझा शब्द आहे."

"आणि मशीन?" भाच्याने विचारलं.

"मशीनशिवाय काय मजा?"

मावशीचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी ती बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

आठवड्याने मालकीणबाईकडून एक माणूस टेप घेऊन आला. "तुमची मापं घ्यायचीत," म्हणाला.

मावशी हरखून गेली. रोज पाहुण्यांसमोर बसायचं तर धड कपडे हवेत, हे बाईला सुचलं म्हणायचं. जन्मभर तिने जगाची मापं घेतली, तिचं माप घ्यायला मात्र कधी कुणी आलं नव्हतं. तिला उगाच लाजल्यासारखं झालं.

"एवढी आवळू नका टेप," ती म्हणाली. "श्वास घ्यायला जागा ठेवा."

त्याने खांदे मोजले, मनगटं मोजली. मग तिला मशीनवर बसवून पाठीचा बाक मोजला आणि एकेक बोट मोजलं.

"हातमोजेही शिवताय की काय?" मावशी हसली.

त्याने टेप कपाळावर टेकवली आणि हनुवटीपर्यंत आणली. नंतर नाकाची लांबी घेतली.

"अहो, कपड्याला नाक कशाला लागतंय?"

माणूस थबकला. "कपडे तुमचेच घालायचेत. एक जोड मागे ठेवा म्हणाल्यात बाई," तो म्हणाला. "मी मेणाचे पुतळे करतो. सोमवारी तुम्ही खोली सोडलीत की तुमचा पुतळा इथे मशीनवर बसवायचाय."